पेट्रोल मोजायला सुरतेला

सुरतेहून परत आले तेव्हा मी शिकवते त्या शाळेतल्या सगळ्या जणी माझ्या पिशवीकडे बघत होत्या. अमळनेरहून सुरतेला गेलेलं माणूस साड्या घेऊनच परत येतं, असा आमच्याकडे रिवाज आहे. मी एकही साडी आणली नव्हती. मग तिथे केलंस तरी काय, असं त्यांनी विचारलं. एक जुनी मोटार किती पेट्रोल पिते ते मोजत होते, असं मी सांगितलं. त्यांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझी धाकटी बहीण कुसुम लग्न होऊन सुरतेला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचे यजमान रामदासराव लूमच्या कारखान्यात मागावर होते. मागांच्या त्या अखंड खडखडाटात त्यांचे कान हळूहळू जात राहिले. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं ओळखतात. या हिवाळ्यात डॉक्टरांनी बजावलं की आता त्या आवाजात एक दिवसही काढायचा नाही. त्यांनी काम सोडलं. आणि थोड्याच दिवसांत कुसुमचा आमच्या गल्लीतल्या एसटीडीवर फोन आला, की ती मोटार चालवायला शिकली आहे, परवानाही मिळाला आहे, आणि आता जुनी गाडी घेऊन पोरांना शाळेत पोचवायचं काम करणार आहे.

आईने ते ऐकलं आणि जेवण टाकलं. आमच्या घरात सायकलसुद्धा कुठल्या बाईने चालवली नव्हती. आई मला म्हणाली, तू जा आणि तिला समजावून सांग, ती तुझं ऐकते. मलाही ते पटत होतं. सुट्टी टाकली, भुसावळहून येणारी पॅसेंजर पकडली आणि बहिणीला तिच्या बेतापासून परत फिरवायला निघाले.

डिंडोली

सुरत स्टेशनाबाहेर आले आणि आधी उभीच राहिले. मी पूर्वी पाहिलेली सुरत म्हणजे तुंबलेली गटारं आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कुजणारे ढीग. मग प्लेगची ती साथ आली. खानदेशातली माणसं गाड्या भरभरून माघारी आली, त्यांत तोंडाला रुमाल बांधलेली कुसुमही होती. साथ ओसरली तशी ती परत गेली, तेव्हाही आम्ही तिला अडवत होतो. आता त्याच शहरात सकाळच्या उन्हात रस्ता असा दिसत होता की कुणाच्या घरी कार्य असावं. झाडणाऱ्या बायका हातगाडी ढकलत चालल्या होत्या आणि पानाच्या टपरीवाला आपल्या पुढ्यातला कागद स्वतः उचलून डब्यात टाकत होता. आमच्या अमळनेरला मी कुणाला असं करताना पाहिलेलं नाही. एखादं शहर एवढी मोठी भीती पचवून असं उठून उभं राहतं, याचं मला फार नवल वाटलं.

कुसुम राहते त्या डिंडोलीत शिरलं की मात्र गावातच आल्यासारखं वाटतं. दारात बायका अहिराणीत बोलत असतात, कुठे वांगी भाजल्याचा वास येत असतो. फरक एवढाच, की मागे कुठेतरी मागांचा खडखडाट सतत चालू असतो, आणि पोरं आईशी अहिराणीत बोलता बोलता वळून एकमेकांशी गुजरातीत भांडतात.

संध्याकाळी कुसुम मला तापीकाठी पोंक खायला घेऊन गेली. पोंक म्हणजे आपला हुरडाच. आपण शेतात गोवऱ्यांची आगटी करून कणसं भाजतो, तळहातावर चोळतो, फुंकतो आणि तोंड काळं करून खातो. इथे हिरवेगार कोवळे दाणे साफ करून, लिंबू आणि मिऱ्याची शेव घालून हातात मिळतात, वर ताक. मला आधी वाटलं की यात मजा कसली, श्रमच नाहीत. पण दुसरा द्रोण मीच मागितला.

तिथेच मी विषय काढला. आईचं सांगितलं, लोक काय म्हणतील ते सांगितलं, सुरतेची वाहतूक किती वाईट ते सांगितलं. कुसुमने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "ताई, सकाय मन्हासंगे गाडीमा बैस. मंग बोल."

सकाय म्हणजे उद्या. आमच्या अहिराणीत उद्याला सकाळची आशा आपोआपच चिकटलेली असते.

नवसारीचा रस्ता

गाडी गोपीपुऱ्यातल्या कांतिकाकांची होती. पूर्वी त्यांचा जरीचा धंदा होता. बायको गेल्यापासून एकटेच असतात, डोळ्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून गाडी विकायची. फिकट हिरव्या रंगाची ती जुनी पेट्रोल गाडी त्यांनी इतकी जपली होती की आतल्या गाद्यांवर पांढरे अभ्रे होते, धुऊन इस्त्री केलेले. ते मला पहिल्याच भेटीत मोटीबेन, म्हणजे थोरली बहीण, म्हणू लागले. त्यांचं गुजराती मला कळत होतं आणि माझं मराठी त्यांना, त्यामुळे आम्ही दोघांनीही आपापली भाषा सोडली नाही.

गाडी लिटरमागे बारा किलोमीटर जाते, असं काकांचं म्हणणं होतं. पण त्यांनी ते कधी मोजलं नव्हतं, आणि कुसुमला ते मोजल्याशिवाय गाडी घ्यायची नव्हती. पोरांच्या आईबापांना तिने महिन्याच्या भाड्याचा आकडा आधीच सांगून ठेवला होता. त्यात घर चालायचं असेल तर गाडी फार खादाड असून चालणार नव्हतं. नाहीतर पुन्हा गावी यायचं, आणि गावात या दोघांसाठी काहीही ठेवलेलं नव्हतं.

मोजायची रीत तिला गल्लीतल्या एका टेम्पोवाल्याने सांगितली होती. टाकी काठोकाठ भरायची. ठरलेलं अंतर चालवायचं. परत येऊन पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावलं तेवढं जळालं. अंतराला त्याने भागायचं की झालं. अडचण एकच होती, गाडीतला किलोमीटरचा आकडा फिरत नव्हता. तेव्हा रस्त्याच्या कडेच्या दगडांवर भिस्त ठेवायची ठरली.

उधन्याच्या पंपावर टाकी भरली आणि आम्ही निघालो. पुढे कुसुम आणि रामदासराव, मागे मी आणि काका. कुसुमने पदर कमरेला खोचला, आरशात एकदा मागे पाहिलं आणि गाडी अशी अलगद रस्त्याला लावली की मला ती निघाल्याचं दुकानं मागे सरकताना कळलं. मी दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ धरून ठेवली होती. सचिन गाव मागे पडेपर्यंत माझे हात कधी सुटले ते माझ्या लक्षात आलं नाही.

रस्ता सुंदर आहे. दोन्ही बाजूंनी ऊस, मधेच केळी, आणि नवसारी जवळ आली की चिकूच्या वाड्या. आमच्याकडे या दिवसांत जमीन काळी आणि उघडी दिसते, इथे नजर टाकावी तिथे हिरवं. दगडांवरचे आकडे गुजरातीत. बहुतेक आपल्यासारखेच, पण काही ठिकाणी मी अडखळत होते आणि काका दुरुस्त करत होते, जणू मीच पहिलीत बसले होते.

नवसारीत एका पारशी म्हाताऱ्या बाईच्या दुकानात पुदिना आणि गवती चहा घातलेला चहा प्यायलो. बरोबर बटासे, म्हणजे जिरं घातलेली खुसखुशीत बिस्किटं, चहात बुडवून खायची. दुकानदार बाईंनी गाडी कोण चालवतंय ते खिडकीतून पाहिलं होतं. त्या कुसुमजवळ आल्या, तिची पाठ थोपटली आणि तिच्या बशीत आणखी दोन बटासे ठेवून गेल्या.

परतीच्या वाटेवर बऱ्याच दगडांचा रंग उडाला होता. तिथे मी आणि रामदासराव मोजत आलो आणि आमचा हिशेब जुळेना. त्यांचा एक दगड जास्त होता. शेवटी गाडी थांबवून आम्ही दोघं चालत मागे गेलो. एका बाईने आपला गवताचा भारा नेमका दगडावर टेकवला होता आणि ती सावलीत बसली होती. आम्ही भारा उचलून खाली काय आहे ते बघायला लागलो तेव्हा तिला वाटलं आम्ही तो पळवतोय. रामदासरावांना तिच्या शिव्या ऐकू येत नव्हत्या, ते आनंदाने तिला दगड दाखवत होते. माझी मात्र हसून पुरेवाट झाली. दगड होता. रामदासरावांचंच बरोबर होतं.

उधन्याच्या पंपावर ट्रकांची रांग लागली होती, म्हणून अलीकडच्या दुसऱ्या एका पंपावर टाकी भरली. चार लिटरच्या जरा वर मावलं. भागाकार मीच केला, आणि दोनदा केला. पंधरा आले.

काकांचा चेहरा उजळला. आपल्या गाडीने आपल्यालाही सांगितलं नाही, असं ते म्हणाले. रामदासरावांना मी बोटांनी आकडा दाखवला तेव्हा त्यांनी डोळे मिटून हात जोडले. डिंडोलीत पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढे पोचली होती.

संध्याकाळी भेस्तानहून कुसुमची नणंद सुमनबाई आल्या, आपल्या दोन्ही मुलींना घेऊन. त्यांचे यजमान पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या कामावर आहेत, पाळी कधी सकाळची, कधी संध्याकाळची. मुली हमरस्त्याच्या कडेने शाळेत चालत जातात. पावसाळ्यात धाकटीला टेम्पोचा धक्का लागला होता, ती अजून एक पाय जपून टाकते. भेस्तानला जायचं म्हणजे कुसुमला बराच वळसा पडणार होता, पण पंधरा म्हटल्यावर तिने क्षणाचाही विचार केला नाही. दोन्ही मुलींची जागा पक्की, असं तिने सांगून टाकलं. सुमनबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. मी त्या वेळी आईचं सांगणं विसरलेच होते.

पुन्हा एकदा

सकाळी कुसुम स्वयंपाकघरात तेलाच्या डब्यातून तेल काढत होती. डबा तिने तिरका केला, तेल तोंडाशी आलं आणि तिचा हात तिथेच थांबला. डबा सरळ केला, तेल खाली गेलं. पुन्हा तिरका केला.

मग तिने मला विचारलं, काल दुसऱ्या पंपावर गाडी कशी उभी होती. मला आठवलं. गाडीच्या एका बाजूची चाकं खळग्यात होती, उतरताना माझा तोल गेला होता. टाकीचं तोंड त्याच बाजूला. टाकी पुरती भरण्याआधीच पेट्रोल तोंडाशी येऊन सांडलं, म्हणून पंपावरच्या माणसाने नळी काढून घेतली होती.

"माले ते पंधरा खरं वाटत नही, ताई," ती म्हणाली.

रामदासराव तिच्या ओठांकडे बघत होते. ते चिडले. त्यांना मी चिडलेलं तेव्हाच पाहिलं. सगळ्यांना सांगून झालं आहे, काका खूश आहेत, बहीण आनंदाने रडून गेली आहे, आता हे उकरून काय काढायचं, असं त्यांचं म्हणणं. मला तेच बरोबर वाटत होतं आणि मी तसं बोललेही. कुसुम म्हणाली की गाडी तेवढंच पिणार जेवढं ती पिते, आपण पंधरा म्हटलं म्हणून कमी पिणार नाही. आणि पायांत चपला घालून ती गोपीपुऱ्याला निघाली. मी तिच्याबरोबर गेले.

मला धास्ती काकांची होती. मोजणं पुन्हा करायचं म्हणजे त्यांच्या गाडीवर अविश्वास. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. पंधरावर सौदा करून मोकळं होणं त्यांच्या हातात होतं. ते म्हणाले, "जे छे ते छे, बेन. फरी जोई लईए." जे आहे ते आहे, पुन्हा बघून घेऊ. एवढंच नाही, तर पुढच्या दोन दिवसांत त्यांनी मिस्त्रीकडून किलोमीटरचा आकडा स्वतःहून दुरुस्त करून घेतला.

या वेळी कुसुमने नवसारीचं नाव काढलं नाही. पोरं काही मी नवसारीला नेणार नाही, म्हणाली. उधन्याच्या पंपावर सपाट जागा बघून गाडी उभी केली, चाकांच्या जागी खडूने खुणा केल्या, आणि टाकी भरून ती शाळेच्याच रस्त्याने निघाली. पोरांच्या वजनाऐवजी गल्लीतल्या बायका बसवल्या. जागा कमी पडली म्हणून काका पंपावरच खुर्ची टाकून बसले.

ती सुरत मला एरवी कुणी दाखवली नसती. डिंडोली, उधना, पांडेसरा, बमरोली, भेस्तान, पुन्हा तेच, उलटसुलट. मिलच्या चिमण्या, दोऱ्यांवर वाळत असलेलं मैलभर कापड, रंगाचं पाणी वाहून नेणारे नाले, एका दिवशी जांभळे तर एका दिवशी पिवळे असतात म्हणे. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेत वेगळा जिल्हा. एका वळणावर नांदेडची बोली कानावर पडली, तर बमरोलीत चहाच्या टपरीवर अकोल्याचा माणूस भेटला. अमळनेर म्हटल्यावर त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, विदर्भातल्या माणसाला तेही जवळचंच वाटलं असावं. घर सोडून आलेली एवढी माणसं, आणि सगळ्या देशाच्या अंगावरचं कापड त्यांच्या हाताखालून जातं. आपण साड्या घ्यायला जातो आणि हे न बघता परत येतो.

कुसुम जिथे पोरं चढणार तिथे खरोखर थांबत होती, मोजून तेवढा वेळ गाडी उभी ठेवत होती आणि पुन्हा निघत होती. सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, लादलेले टेम्पो अंगावर येत, सायकली आडव्या शिरत, एकदा एक रेडा मधोमध बसला होता. तिने कुणाला हॉर्न मारून हैराण केलं नाही. मागे बसलेल्या बायका आधी देवाचं नाव घेत होत्या, मग गप्पा मारायला लागल्या, मग एक चक्क झोपली. मी बहिणीच्या मानेकडे आणि स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत होते. लहानपणी तिला विहिरीत डोकावायची भीती वाटायची. हे हात तिने कधी कमावले, ते आम्हा घरच्यांना कळलंच नव्हतं.

दुपारी गाडी खडूच्या खुणांवर आणून उभी केली. टाकीत पेट्रोल पडत राहिलं, पडत राहिलं. भागाकार करायला माझा हात उठत नव्हता. अकराच्याही आत आकडा आला.

मग काकाच म्हणाले की त्यांचे बारा म्हणजे रविवारचे बारा होते, बायकोला घेऊन रिकाम्या रस्त्याने डुमसच्या समुद्रावर जायचे तेव्हाचे. कुसुमने नाही म्हटलं तरी मला वाईट वाटणार नाही, असंही ते म्हणाले.

कुसुम दुपारभर गच्चीत फेऱ्या मारत होती. खाली आली तेव्हा तिचं ठरलं होतं. अकराच्या आतही भागतं, पण भेस्तानचा वळसा सोडला तरच. मी म्हटलं, निदान सुरुवात तरी कर, पुढचं पुढे बघू. ती म्हणाली, "पोरींना बसवायचं आणि महिन्याभराने उतरवायचं? आजच सांगते."

भेस्तान

मी तिच्याबरोबर गेले. सुमनबाई दारात तांदूळ निवडत होत्या. कुसुमने पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी सांगून टाकलं. पंधरा का चुकले तेही सांगितलं, अकरा कसे आले तेही. धाकटी मुलगी दाराआडून ऐकत होती.

सुमनबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या आत गेल्या. मला वाटलं, आता या बाहेर येणारच नाहीत. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. चहा घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. त्यांनी विचारलं, तुझी गाडी कुठून कुठे जाणार ते नीट सांग. कुसुमने सांगितलं. डिंडोलीच्या रेल्वे फाटकाचं नाव येताच त्यांनी तिला थांबवलं. फाटकापर्यंतची वाट वस्तीतून जाते, खरी भीती त्यापुढच्या मोठ्या रस्त्याची.

"फाटकापर्यंत मी आणते," त्या म्हणाल्या. "तिथून तू ने."

कुसुमने मान हलवली. मग कुठे तिने चहाचा कप उचलला.

त्या संध्याकाळी मी आईला फोन लावला. समजावून सांगितलंस का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, हो, सगळं समजलं. कुणाला कोणी समजावलं ते मी तिला घरी आल्यावर सांगणार होते.

गाडी दोन दिवसांनी डिंडोलीत आली. काकांनी अभ्रे काढून घेतले नाहीत, पोरं मळवतील म्हणून कुसुमनेच ते काढून, धुऊन, घडी करून त्यांना परत नेऊन दिले. फेऱ्या सुरू झालेल्या पाहून मी निघाले. स्टेशनावर येऊ नकोस, शाळेची वेळ आहे, असं मी कुसुमला बजावलं होतं आणि ती आली नाही.

आगगाडीने उधना सोडलं तशी मी खिडकीशी सरकले. सकाळची थंडी होती. डिंडोलीचं फाटक आमच्या आगगाडीसाठी बंद होतं. त्यामागे ट्रक, टेम्पो, रिक्षा, सगळी थरथरत उभी होती आणि प्रत्येकाच्या मागून धूर निघत होता. त्यांच्यात फिकट हिरवी गाडी एकटी शांत होती. तिच्यामागे धूर नव्हता. सुमनबाई धाकटीचं दप्तर खिडकीतून आत देत होत्या. आतली पोरं आगगाडीला हात करत होती, मीही केला, त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे. मला वाटलं होतं कुसुम एकदा वर बघेल. पण ती फाटकवाल्याकडे बघत होती, हात किल्लीवर ठेवून, दांडा उचलला जायची वाट पाहत.